सुमेधाबाईंचा शनिवारचा वर्ग

सुमेधाबाई बर्गे यांना कुणी निवांत बसलेलं पाहिलं असेल, तर त्याने जरूर पुढे यावं. सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीत असा माणूस सापडणार नाही, नेरुळच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सापडणार नाही, आणि लग्नाला सव्वीस वर्षं झालेला त्यांचा नवरा प्रसाद, तोही तशी साक्ष देणार नाही. बाई जेवायला बसल्या तरी तीनदा उठतात. एकदा मिठाला, एकदा पाण्याला आणि एकदा आपण मघाशी कशाला उठलो होतो ते आठवायला.

"सुमे, पायाला भिंगरी लावून जन्माला आलीस का गं?" असं प्रसाद अधूनमधून विचारतो. त्यावर त्या "हो" म्हणतात आणि म्हणता म्हणता गॅलरीतले वाळलेले कपडे घेऊन येतात.

कॉलेजला मात्र ही भिंगरी फार सोयीची होती. वाणिज्य शाखेच्या या बाईंनी तेवीस वर्षांत काय केलं नाही ते विचारा. परीक्षेचे बैठक क्रमांक बाकांवर चिकटवले, स्नेहसंमेलनात रंगमंचामागे मुलींच्या साड्यांना पिना लावल्या, पाहुण्यांसाठी शाली आणल्या, आणि एका वर्षी पाहुणेच आले नाहीत तेव्हा त्यांच्या जागी भाषणही ठोकलं. कामाला बाई पुढे, नावाला मागे. परीक्षा समितीच्या त्या सहसमन्वयक, वार्षिकांकाच्या सहसंपादक, माजी विद्यार्थी संघाच्या सहसचिव. हा 'सह' त्यांच्या नावाला इतका घट्ट चिकटला होता की त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. महिला विकास कक्षात तेवढ्या त्या नुसत्याच समन्वयक होत्या, कारण तिथे यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

या कक्षातर्फे बाई दर शनिवारी मुलींचा वर्ग घेत. कागदावर त्याचं नाव 'युवती नेतृत्व विकास कार्यक्रम' आणि मुलींच्या तोंडी नुसतंच 'शनिवार'. तीस तास भरले की प्रमाणपत्र. माइक तोंडापासून किती लांब धरायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, खांदे पाडून का उभं राहायचं नाही, वाक्याची सुरुवात 'सॉरी'ने का करायची नाही, हे सगळं बाई जीव तोडून शिकवत. मध्येच खेळ असत. वर्तमानपत्राचे मनोरे रचायचे, डोळे बांधून मैत्रिणीच्या आवाजावर चालायचं. प्रत्येक खेळाचा फोटो काढायचा आणि त्यावर ठिकाण, तारीख, वेळ उमटलेली हवी, कारण दिवाळीनंतर कॉलेजच्या मूल्यांकनाची टीम येणार होती आणि टीमला मनोरा दिसत नाही, फोटो दिसतो.

चेष्टा बाजूला ठेवू. हा वर्ग म्हणजे बाईंचा प्राण होता. अकरा वर्षांत चारशेच्या आसपास मुली त्यातून गेल्या होत्या आणि पहिल्या दिवशी आपलं नाव सांगताना ओढणी चावणारी मुलगी शेवटच्या दिवशी माइक सोडत नाही, हे बघताना बाई दरवेळी फोटो काढायचा विसरायच्या. आपल्या हातून एक खरं काम होतंय, असं त्यांना तिथेच वाटायचं.

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. "या वर्षी कॉलेजात काय व्हायला आवडेल? एकेकीने उभं राहून सांगायचं. सॉरी न म्हणता."

कुणाला सूत्रसंचालन करायचं होतं, कुणाला सांस्कृतिक समितीत जायचं होतं, चौघींना एलआर व्हायचं होतं. एलआर म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, मुलींची प्रतिनिधी. मग शेवटच्या बाकावरून मनस्वी तांडेल उठली. तिसऱ्या वर्षाची, करावे गावची, परीक्षेत पहिली येणारी आणि बाईंनी निदान दहादा 'सरळ बस' म्हणूनही वाकूनच बसणारी.

"जीएस," ती म्हणाली.

वर्ग हसला. जीएस म्हणजे जनरल सेक्रेटरी, अख्ख्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी, आणि या कॉलेजात जीएस म्हणजे मुलगा. बाईही हसल्या. त्यांच्या हसण्यात कुचकेपणा नव्हता, लहान मुलाने विमान मागितलं की मोठी माणसं हसतात तसं ते हसू होतं.

"अगं, आपल्याकडे मुलींना एलआर असतं ना," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, एलआरला त्या मिटिंगला बोलावतात का?"

"कुठल्या?"

"मागच्या गेटच्या."

त्या कॉलेजचं मागचं गेट उघडलं की समोर बसस्टॉप. ते पाचला बंद होतं. तिसऱ्या वर्षाची लेक्चरं साडेसहाला सुटतात. मग मुलींनी पुढच्या गेटने निघायचं, हायवेच्या सर्व्हिस रोडने उभ्या ट्रेलरांच्या कडेकडेने पूर्ण वळसा घालायचा आणि पंचवीस मिनिटांनी त्याच स्टॉपला पोहोचायचं. त्या रस्त्यावर काय काय ऐकून घ्यावं लागतं ते बाईंना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

"तीन वर्षं तीन एलआरनी अर्ज दिले," मनस्वी म्हणाली. "विकास समितीच्या मिटिंगला अर्ज आत जातो मॅडम, एलआर बाहेर राहते. आत फक्त जीएस बसतो. आणि जीएसकडे बाइक असते."

आता कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "बरं, बघू आपण. पुढच्या वर्षी..." आणि थांबल्या. मनस्वीला पुढचं वर्ष नव्हतंच. व्हायचं ते आत्ताच, नाहीतर नाही.

त्या दिवसापासून बाईंचं बिनसलं. भिंगरी पायाला होती तोवर ठीक होतं, ती आता डोक्यात फिरायला लागली. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर एक लाकडी पाटी आहे, सोनेरी अक्षरांत आजवरच्या जीएसची नावं लिहिलेली. तिच्याखालून त्या तेवीस वर्षं ये-जा करत होत्या, कधी हातात उत्तरपत्रिका, कधी शाली. सोमवारी पहिल्यांदा थांबून त्यांनी ती वाचली. एकतीस नावं, एकही मुलगी नाही. शेजारी एलआरची पाटी, ती जरा आखूड. तिच्यावरच्या शेवटच्या अकरा मुली शनिवारच्या वर्गातल्या होत्या आणि अकराही जणींची शिफारस खुद्द बाईंनी केली होती.

या अकरा गुणी मुलींनी काय केलं? रांगोळीवर देखरेख केली. पाहुण्यांना गुच्छ दिले. दीपप्रज्वलनाला मेणबत्ती पेटवून जीएसच्या हातात दिली. बाईंना एकदम गलबलून आलं. अकरा वर्षं आपण मुलींना ताठ उभं राहायला शिकवलं, पण कुणाच्या तरी मागे, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं आणि त्या तिथून जवळजवळ पळाल्या.

दोन तासांच्या मध्ये त्यांनी नियमांची पुस्तिका काढून वाचली. जीएस मुलगाच हवा, असं त्यात कुठेही नव्हतं. निवडणूक नाही, विद्यार्थी परिषदेच्या समितीतल्या कुणीतरी नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि नावं दोन आली तर ज्याचे गुण जास्त तो. इतकं सरळ. नियम नव्हता, नुसती सवय होती. आणि ती सवय इमानेइतबारे पाळणाऱ्यांत आपलाच नंबर पहिला, हे कळल्यावर बाईंना डबा जाईना.

"तू पण एलआर होतीस ना?" घरी प्रसादने आठवण करून दिली. होत्या की. कोरेगावच्या कॉलेजात. त्यांचा तेव्हाचा फोटोही आहे, हातात ओवाळणीचं तबक आणि निम्म्या चेहऱ्यावर पाहुण्यांचा फेटा.

"मग जरा बस ना. एवढं काय लावून घ्यायचं?"

"बसते," म्हणत बाईंनी तिसऱ्यांदा ओटा पुसला.

रविवारी सकाळी त्या सरळ करावे गावात जाऊन धडकल्या. अंतर कितीसं, त्यांच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्याने दहा मिनिटं. पण या दहा मिनिटांत टॉवर संपतात आणि अंगाला अंग लागलेली घरं सुरू होतात, कुठे वर भाड्याच्या खोल्या, कुठे अजून ओट्यावर जाळं. बाईंची खात्री होती की अडचण घरूनच असणार. मुलीला पुढे करायला आईबाप तयार नसतात, हे त्यांच्या वर्गाच्या चौथ्या स्लाइडवरच लिहिलेलं होतं. तेव्हा आधी आईची समजूत घालावी, अशा तयारीने त्या गेल्या.

मनस्वीच्या आईने, मालतीबाईंनी, त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. समोर अंगणात गोंधळ चालला होता. तांडेलांच्या अठरा खोल्या भाड्याने दिलेल्या, आणि नळाला पाणी तासभर. भैरू नावाचा वॉचमन आणि सनी नावाचा डिलिव्हरीवाला एकाच पाइपला दोन बाजूंनी धरून होते.

"मला शिफ्टला जायचंय ना यार!"

"आन मी काय हितं पिकनिकला आलोय व्हय?"

मनस्वी नळाशेजारी उकिडवी बसून पातेलं घासत होती. तिने वर पाहिलं नाही. "सनी, तुझे हंडे किती भरले?"

"दोन."

"आणि पिंप?"

सनी जरा थांबला. "पिंप पण."

"मग पाइप सोड. भैरूदादा, तुमी घ्या. उद्या सनीचा पहिला नंबर." आणि ती पुन्हा पातेल्याच्या बुडाला लागली.

सनीने पाइप सोडला. कुरकुर नाही, वाद नाही. बाई बघतच राहिल्या. पोरगी खांदे पाडून बसली होती, डोळ्यांत बघून बोलली नव्हती, हसली नव्हती, आवाज चढवला नव्हता. शनिवारी शिकवलेलं एकही तिने केलं नव्हतं.

"बारा वर्षांची होती तवापासून पानी तीच बगते," मालतीबाई म्हणाल्या. "भाडोत्री मला नाय इचारत. तिचे बापाला तर नायच नाय."

बाईंनी मग आपलं ठेवणीतलं भाषण सुरू केलं. मुलींना संधी, घरच्यांचा पाठिंबा, काळ बदललाय वगैरे. मालतीबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, आमचा 'नाय' कवा नव्हताच," त्या म्हणाल्या. "तुमच्या कॉलेजचा 'हो' हाय का, ते पयले बगा ना."

बाईंचा चेहरा पडला. एवढ्या तयारीने आलो ते चुकीच्याच दारात, हे त्यांना चांगलंच झोंबलं. त्या उठून उभ्या राहिल्या. "समितीत मी आहे. मनस्वीचं नाव मी सुचवते."

मनस्वीने पातेलं खाली ठेवलं. "नक्की मॅडम?"

"नक्की."

"मग मी मुलींना सांगते." आणि तिने संध्याकाळपर्यंत सांगितलंही. शनिवारच्या ग्रुपवर हात जोडलेली, टाळ्या वाजवणारी चित्रं येत राहिली आणि प्रत्येक 'टिंग'ला बाई उठून काहीतरी आवरत राहिल्या.

समितीची मिटिंग गुरुवारी होती. मधले तीन दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मंगळवारी त्यांनी प्राचार्य सुधीर सरांना जिन्यात गाठलं. सर सज्जन माणूस, कुणाला दुखवायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही या बेताने कारभार करणारा.

"सर, एक बोलायचं होतं, विद्यार्थी परिषदेबद्दल..."

"बोला ना मॅडम."

आणि बाई बोलल्या. पण बोलल्या त्या फ्लेक्सच्या मापाबद्दल. पाच मिनिटं. सर "उत्तम, उत्तम" म्हणत निघून गेले आणि बाई त्याच पायरीवर उभ्या राहून स्वतःला शिव्या देत राहिल्या. वर्गात त्या मुलींना सांगत, आधी वाक्य मनात तयार ठेवा. वाक्य तयार होतं हो! 'सर, मी जीएससाठी मनस्वी तांडेल हिचं नाव सुचवते.' भाजी चिरताना तयार होतं, रिक्षात तयार होतं, आंघोळीला तर खणखणीत तयार होतं. सर समोर आले की ते कुठे जायचं, देव जाणे.

गुरुवारी अकराला प्राचार्यांच्या केबिनमध्ये समिती बसली. सुधीर सर, खेळाचे हितेश सर, सांस्कृतिक विभागाच्या तरुण प्राची मॅडम आणि सुमेधाबाई. इतिवृत्त लिहायला ऑफिसचे कमळाकर, समोर लाल बांधणीची जाड वही. बाहेर बाकावर मनस्वी येऊन बसली होती. आत जाताना बाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली होती, म्हणजे काळजी करू नकोस.

आधी गॅदरिंगची तारीख झाली. मग क्रीडा सचिव झाला. बाईंचा उजवा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता.

"आता जीएस," सर म्हणाले. "हितेश सरांनी पार्थचं नाव दिलंय, माझंही अनुमोदन आहे. चांगला मुलगा, माइकवर छान बोलतो. आणखी कुणाचं नाव?"

बाईंनी श्वास घेतला. आणि दार उघडून शिपाई चहाची किटली आणि कप टेबलावर ठेवून गेला.

आता या कॉलेजात मिटिंगमधला चहा सुमेधाबाईंनी ओतायचा, असं कुणी कधी ठरवलेलं नव्हतं. पण तेवीस वर्षं त्याच ओतत होत्या. किटली टेबलाला टेकली की त्यांचे हात शिवशिवायचे. दोन कप ओतते आणि मग बोलते, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पहिला कप सरांना. हितेश सरांना साखरेचा चालत नाही. प्राचीला अर्धाच लागतो. बाई "अर्धा ना गं?" असं विचारत होत्या तेव्हा मागून सरांचा आवाज आला.

"चला तर मग. जीएस पार्थ. आणि एलआर दरवर्षीप्रमाणे सुमेधा मॅडमच्या वर्गातली, मनस्वी तांडेल. तीच हुशार आहे ना हो मॅडम? लिहा, कमळाकर."

कमळाकरांनी लिहिलं. बाईंच्या हातात किटली.

"सर," त्या म्हणाल्या.

"हां, मॅडम?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. तयार वाक्य पार नाहीसं झालं होतं. "बिस्किटं सांगू का?" बाईंनी विचारलं.

"सांगा की," हितेश सर म्हणाले.

बाई बाहेर आल्या. आपले पाय आपल्याला बाहेर नेतायत आणि आपण ते थांबवू शकत नाही, असं त्यांना वाटलं. बाकावरून मनस्वी उठली.

"झालं, मॅडम?"

"पार्थचं झालं. तुला एलआर दिलंय."

"तुमी बोललात?"

खोटं बोलणं सोपं होतं. ऐकलं नाही गं त्यांनी, एवढं म्हटलं असतं तर पोरीने विश्वास ठेवला असता, वर बाईंनाच धीर दिला असता. पण ते त्यांच्या तोंडून निघेना.

"नाही. चहा आला. मी तो ओतत होते."

मनस्वी त्यांच्याकडे बघत राहिली. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. ती फक्त विचार करत होती, अंगणातल्या नळाशी करते तसा.

"मिटिंग सुटली का?"

"नाही. बिस्किटांसाठी थांबलेत."

"मग तुमी इथे नका थांबू, आत या," ती म्हणाली, आणि दारावर टकटक करून स्वतःच आत गेली. बाई मागोमाग गेल्या.

"सर, आत येऊ? मी मनस्वी तांडेल, टीवायची." ती आत येऊन उभीच होती. "सुमेधा मॅडमनी जीएससाठी माझं नाव सुचवलंय. ते वहीत लिहिलंय का, तेवढंच बघायला आले."

कमळाकरांनी वहीत खाली-वर पाहिलं. "असं काही नाही बुवा इथे."

सुधीर सरांनी चष्मा काढला. "मॅडम? तुम्ही सुचवलं होतं?"

सुमेधाबाई दारातच उभ्या होत्या. हो म्हणावं तर वही खोटी ठरते, नाही म्हणावं तर पोरगी. पोरीने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. तिची पाठ तेवढी त्यांना दिसत होती, आणि खांदे नेहमीसारखेच पडलेले.

"नव्हतं सुचवलं, सर," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण निघत होता. "सुचवायचं म्हणूनच मिटिंगला आले होते. तिला शब्द दिला होता, म्हणून ती तसं बोलली. चूक माझी. आत्ता सुचवते. जीएससाठी मनस्वी तांडेल."

"अहो पण मॅडम, आता झालंय ना ते," सर म्हणाले. "आणि मुलींना आपण एलआर देतोच की."

"मिटिंग चालू आहे, सर. मी सुचवलेलं नाव वहीत घ्यावं."

"बरं, घेऊ. अनुमोदन कोण देतंय?"

हितेश सर खिडकीतून मैदान बघायला लागले. पार्थ त्यांच्या कबड्डीच्या टीमचा. प्राचीने बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती तासिका तत्त्वावर होती, दर जूनमध्ये नवं पत्र मिळायचं किंवा मिळायचं नाही. बाईंना तिचा राग आला नाही. तिच्या जागी आपणही हेच केलं असतं, किंबहुना पक्की नोकरी असूनही हेच करत आलो, हे त्यांना कळत होतं.

"अनुमोदन नाही," सर सुटल्यासारखे म्हणाले. "तर मग..."

"तर तसं लिहा, कमळाकर," सुमेधाबाई म्हणाल्या. त्या टेबलाशी आल्या आणि वहीवर बोट ठेवलं. "वर्गात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीचं नाव जीएससाठी सुचवलं, उपस्थित सदस्यांपैकी कुणीही अनुमोदन दिलं नाही. खाली उपस्थितांची नावं. सगळी."

कमळाकरांनी पेन उचललं. तीस वर्षं ते इतिवृत्तं लिहीत होते आणि कुणी काय बोललं यापेक्षा काय लिहिलं जातं याला कॉलेजात किती किंमत आहे, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मुद्दाम सावकाश, मोठ्याने म्हणत लिहायला घेतलं. "उपस्थित... सदस्यांपैकी... कुणीही..."

"एक मिनिट, एक मिनिट," हितेश सर खिडकीकडून वळले. "असं कसं लिहिता? ही वही टीम बघणार ना दिवाळीनंतर?"

"पहिल्यांदा तीच मागतात," कमळाकर म्हणाले.

"अहो मग हे बरं दिसतं का? मुलींच्या विरोधात असल्यासारखं!" हितेश सरांनी रुमालाने मान पुसली. "माझं काय... म्हणजे मुलगी हुशार आहे, यात वादच नाही. लिहा माझं अनुमोदन."

लिहिलं गेलं. नावं दोन झाली, पुस्तिकेप्रमाणे गुण पाहिले, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. सुधीर सरांनी सही केली. ती करताना त्यांना एक अडचण सुचली आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे बोलून दाखवली.

"पण मग पाहुण्यांना गुच्छ कोण देणार?"

"पार्थ देईल, सर," मनस्वी म्हणाली. "त्याला जमेल."

प्राचीने ओढणीत हसू लपवलं. मनस्वीने सरांना विचारलं की विकास समितीची पुढची मिटिंग कधी आहे, तारीख तळहातावर पेनने लिहून घेतली, थँक्यू म्हणाली आणि बाहेर पडली.

सुमेधाबाई मागून धावतच आल्या. हसावं की रडावं ते कळत नव्हतं आणि दोन्ही एकदम होत होतं. त्यांना तिला जवळ घ्यायचं होतं, ग्रुपवर कळवायचं होतं, शनिवारी काय काय करायचं ते आत्ताच सांगायचं होतं. बोलायला लागल्या त्या थांबेचनात. शपथविधी कसा करायचा, बोलायचं काय, साडी की ड्रेस.

मनस्वीने ते सगळं संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, एक विचारू? मी आत आले नसते तर तुमी बोलला असतात?"

कॉरिडॉरमधून मुलं जात होती, कुणी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणत होतं, बाईंना ते ऐकू येत नव्हतं. मिटिंग संपली असती, कप गोळा केले असते, घरी जाऊन ओटा पुसला असता, आणि शनिवारी मुलींसमोर उभं राहून पुन्हा सांगितलं असतं की सॉरी म्हणू नका. त्यांनी मनात खूप शोधलं. 'हो' कुठेच सापडेना.

"नाही," त्या म्हणाल्या.

मनस्वीने मान डोलावली. "मला वाटलंच. म्हणून आले," ती म्हणाली, आणि लेक्चरला उशीर होत होता म्हणून निघून गेली.